तात्यांचं घड्याळ आणि एक छर्रा

तर झालं असं. २०२४ च्या दिवाळीला गारगोटीला घरी गेलो होतो. पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी आईनं मला माळ्यावर चढवलं. (पुण्यात तुम्ही कितीही मोठ्या क्लायंटची डिलिव्हरी सांभाळा, घरी गेल्यावर तुमची किंमत तुमच्या उंचीवरूनच ठरते.) जुनी भांडी खाली देता देता एक स्टीलचा डबा हाताला लागला. उघडून बघतो तर आत तांदूळ. म्हणजे एके काळचे तांदूळ. पोरकिड्यांनी त्याचं पीठ केलं होतं, आणि त्या पिठात एक भलंमोठं घड्याळ पडलं होतं.

"तात्या, हे काय?"

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. खालूनच त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आरं, पुरात बुडालेलं ते. तांदळात ठेवलं की पाणी ओढून घेतंय म्हणं."

जुलै २०२१ चा पूर. वेदगंगा पात्राबाहेर पडली, तेव्हा तात्या रात्री नदीकाठची मोटर काढायला गेले होते. नदीकाठी शेत असलेल्या कुणालाही हे सांगायला नको: पाणी चढायला लागलं की आधी मोटर, मग बाकी सगळं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोघांनी मोटर उचलली. मोटर वाचली, घड्याळ गेलं. मग तीन वर्षं तांदळात.

मी डबा घेऊन खाली उतरलो. घड्याळ पुसलं आणि डायलवर नजर गेली. सिको. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, वॉटर १५० मीटर रेझिस्ट.

म्हणजे दीडशे मीटर खोल पाण्यासाठी बनवलेलं पाणबुड्यांचं घड्याळ आमच्या वेदगंगेत कमरेएवढ्या पाण्यात बुडून मेलं होतं. :)

इथून माझं डोकं फिरलं. पुढचे सात-आठ महिने माझे शनिवार-रविवार कुठे गेले, त्याची ही गोष्ट.

आधी हे घड्याळ काय आहे ते सांगतो. सिकोच्या घड्याळाच्या पाठीवर दोन आकडे असतात. तात्यांच्या घड्याळावर होतं ६३०९-७०४०. पहिले चार आकडे म्हणजे आतलं मशीन, पुढचे चार म्हणजे बाहेरची केस. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड आणि फ्रंटएंड. त्याशिवाय एक सिरियल नंबर असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. नोव्हेंबर-डिसेंबरला आकडे पुरत नाहीत, म्हणून तिथे एन आणि डी ही अक्षरं. तात्यांच्या घड्याळाचा नंबर ९५ नं सुरू होत होता. हे मॉडेल १९७६ ते १९८८ च्या दरम्यान निघालं, त्यामुळे ९ म्हणजे १९७९ च. मे १९७९.

मी मोठ्या रुबाबात हे शोधून काढून तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला इचारायचं की. त्या साली गणपतीत मी सिंगापूरला हुतो. पगार झाला आणि घेतलं."

तात्या जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होते. १९७९ साली त्यांचं वय अठ्ठावीस. आज माझं आहे तेवढंच. त्या काळी आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, आणि सरळमार्गी माणसाच्या मनगटावर तेच असायचं. सिको मनगटावर दिसलं की समजायचं, घरातलं कुणीतरी गल्फला आहे, नाहीतर बोटीवर.

आजच्या धर्तीची पाणबुड्यांची घड्याळं तशी १९५३ च्या आसपास स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली: ब्लॅंकपेनचं फिफ्टी फॅदम्स, रोलेक्सचं सबमरीनर. सिकोनं आपलं पहिलं डायव्हर १९६५ मध्ये काढलं. स्विस घड्याळं श्रीमंतांची, सिकोचं डायव्हर मात्र कामगारांनाही परवडणारं. तात्यांसारखे लाखो लोक ते घालून समुद्रावर काम करत होते. पाण्याखाली त्यातले किती गेले, देव जाणे.

आणि या घड्याळाची खरी ओळख म्हणजे काचेभोवतीची फिरणारी रिंग. पाणबुड्या उडी मारताना रिंगेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग किती मिनिटं झाली ते वजाबाकी न करता दिसतं. तात्या सत्तरी ओलांडेपर्यंत ही रिंग रोज वापरत होते. कशासाठी? उसाला पाणी पाजायला! मोटर चालू केली की त्रिकोण काट्यासमोर. चाळीस मिनिटांनी दारं मोडायची, पाणी दुसऱ्या सरीत. "मोबाईलचा गजर मला ऐकू येत न्हाई, आणि चष्म्याबिगर दिसत न्हाई," तात्या म्हणाले. "ही रिंग अंधारात हातालाबी कळती. टक टक मोजायची."

म्हटलं, दुरुस्त करूनच देतो. आपण इंजिनियर आहोत की नाही!

पुण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळ दोन बोटांत धरून आत नेलं आणि पाच मिनिटांत परत आणलं. "सर, याचे पार्ट्स येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." यात तिची काही चूक नव्हती. कुठलीही कंपनी मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षंच सुटे भाग ठेवते. हे मॉडेल बंद होऊन पस्तीस वर्षं उलटली होती.

मग माझा अभ्यास सुरू झाला. एक्सेल शीट केलं. (हसू नका.) काय काय हवं होतं?

सगळ्यात आधी रबरी वॉशर. घड्याळ बुडालं ते यांच्यामुळेच. 'वॉटर रेझिस्ट' हा काही धातूचा गुण नाही, तो रबराचा गुण आहे. एक वॉशर काचेखाली, एक मागच्या झाकणाला, एक चावीत. एवढ्यांच्या जिवावर ते दीडशे मीटर. रबर दहा-पंधरा वर्षांत कडक होतं, चपटं होतं, त्याला भेगा पडतात. तात्यांनी ते बेचाळीस वर्षांत कधीच बदलले नव्हते. मग दीडशे मीटर काय आणि कंबर काय!

दुसरी काच. तिसरी रिंगेवरची आकड्यांची काळी चकती. या दोन्ही मिळतात. कारण हे मॉडेल जगभरच्या शौकिनांचं इतकं लाडकं आहे, की त्याच्या बाहेरच्या जवळजवळ प्रत्येक भागाची नक्कल आज कुणी ना कुणी बनवतं. काच, चकती, डायल, काटे, अगदी अख्खी केससुद्धा. नकला वाईटच असतात असं नाही. वॉशर आणि काच नवीनच बरी. पण डायलची नक्कल म्हणजे घड्याळाचा चेहराच बदलणं.

चौथं मशीन. ते आत गंजलं होतं. बॅलन्सचं चाक आणि त्यातली केसासारखी बारीक स्प्रिंग, म्हणजे हेअरस्प्रिंग, लाल झाली होती. पाणी शिरल्यावर घड्याळ लगेच उघडून वाळवावं लागतं, नाहीतर गंज धरायला वेळ लागत नाही. तांदळात ठेवून काही होत नाही. तांदूळ झाकणाच्या आतलं पाणी कसं ओढणार? आणि मशीनचे भाग नव्यानं सहसा कुणी बनवत नाही. ते मिळतात बहुतेक दुसऱ्या मेलेल्या ६३०९ मध्येच.

आणि पाचवा भाग माझ्या शीटमध्ये नव्हताच. तो मी स्वतः निर्माण केला.

एका रविवारी व्हिडिओ बघून मी रिंग काढायला बसलो. हत्यार म्हणजे भाजीची सुरी. रिंग उडाली, आणि तिच्याबरोबर काहीतरी 'टिंग' वाजून फरशीवर गेलं. या मॉडेलच्या केसमध्ये एक बारीक भोक असतं, त्यात एक स्प्रिंग आणि तिच्यावर मोहरीहून लहान असा एक छर्रा. तो रिंगेच्या खालच्या दात्यांत अडकतो, म्हणून ती 'टक टक' करत फिरते. स्प्रिंग जागेवर होती. छर्रा गेला. मी आणि माझा रूममेट स्पीकरमधलं चुंबक घेऊन अख्खा फ्लॅट घासत फिरलो. स्टेपलरच्या पिना मिळाल्या, एक जुनं सिमकार्ड मिळालं. छर्रा नाही.

छर्ऱ्याशिवाय रिंग नुसती गरगर फिरते. म्हणजे तात्यांना घड्याळातलं जे हवं होतं, नेमकं तेच मी हरवलं.

मग शुक्रवारी सुट्टी टाकून मुंबईला गेलो. शुक्रवारीच का, तर चोर बाजारात मटन स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटेपासून रस्त्यावर जुना बाजार भरतो. फरशा, दिवे, कॅमेरे, टेपरेकॉर्डर आणि मधेच घड्याळांचे ढीग. एका फडक्यावर बघितलं तर तात्यांच्या घड्याळाचा जुळा भाऊ! डायल नवीकोरी, काळीकुळकुळीत. विकणारा म्हणाला, "ओरिजनल है, जपान का." मी भिंग काढलं. सिकोच्या डायलवर अगदी तळाशी बारीक कोड असतो, आणि त्याचे पहिले चार आकडे पाठीवरच्या मशीनच्या आकड्यांशी जुळावे लागतात. इथे आकडे जुळत नव्हते, आणि अक्षरं पावसात भिजलेल्या लग्नपत्रिकेसारखी पसरली होती.

तुम्हाला माहीत नसेल, पण जगभरच्या शौकिनांत अशा घड्याळांना एक नावच पडलंय, 'बॉम्बे स्पेशल'. म्हणजे आपल्याकडे डायल पुन्हा छापून, चारपाच घड्याळांचे भाग एकत्र करून उभं केलेलं घड्याळ. नाव हेटाळणीचं आहे. तिथे उभं असताना मलाही थोडी लाज वाटली. पण नंतर परतीच्या बसमध्ये विचार केला, की जिथे कंपनीचा सुटा भाग कधी आलाच नाही, आला तर परवडला नाही, तिथे कारागिरानं करायचं काय? गिऱ्हाईकाला सांगायचं, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या? फसवून विकणं वाईट. पण जोडून चालवणं ही फसवणूक नाही.

छर्रा काही मिळाला नाही. पुढच्या शनिवारी एसटीनं गारगोटीला गेलो, तोंड पाडून.

तात्या म्हणाले, "चाचाला दावलास काय?"

खरं सांगतो, मला हे सुचलंच नव्हतं. आमच्या बाजारपेठेत चाचांचं घड्याळाचं दुकान मी लहान असल्यापासून आहे. दुकान कसलं, एका खांबाएवढी जागा. आता त्यातली अर्धी त्यांच्या मुलाच्या मोबाईल कव्हरांनी भरलीय. शाळेत असताना माझ्या पहिल्या घड्याळाचा सेल तिथेच बदलला होता. पुण्या-मुंबईत नाही मिळालं ते इथे काय मिळणार, हा माझा हिशोब.

चाचांनी घड्याळ हातात घेतलं. पाठीवरचा नंबर त्यांनी वाचलाच नाही. हलवून बघितलं, कानाला लावलं. "डायव्हर हाय. मशीन सिको फाइव्हवालंच. तात्यांनी बोटीवरनं आणलेलं न्हवं हे?"

मी चाट पडलो. मला दोन महिने लागले होते हे कळायला, की ६३०९ हे मशीन सिकोनं डायव्हरबरोबर साध्या सिको फाइव्ह घड्याळांतही घातलं होतं. म्हणजे आतले भाग साध्या घड्याळातून मिळू शकतात.

चाचांनी बाकाखालून पत्र्याचे बिस्किटांचे डबे काढले. त्यात कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या. शंभराच्या वर असतील. एकाही डबीवर काही लिहिलेलं नाही. त्यांनी चार-पाच डब्या नुसत्या हलवून परत ठेवल्या, सहावी उघडली. आत एक मशीन.

"हे चालंल. कडगावचा एसटी डायव्हर हुता, त्येचं. केस सडली, मशीन चांगलं हाय. पोरं म्हणाली नको आमाला, ठेवा."

मग मी दोन शनिवार त्यांच्या बाकाशेजारी स्टुलावर बसलो. मला वाटलं होतं ते अख्खं मशीनच बदलतील. ते म्हणाले, "कशाला? जेवढं मेलंय तेवढंच बदलायचं." ड्रायव्हरच्या मशीनमधून बॅलन्स आला, हेअरस्प्रिंगसकट. चावी देणारा लिव्हर आला. हा दोन आकड्यांचा लिव्हर म्हणजे सिकोची १९५९ ची करामत. त्याला मॅजिक लिव्हर म्हणतात. हात हलला की आतलं वजन फिरतं, आणि ते कुठल्याही बाजूला फिरलं तरी या लिव्हरमुळे चावी एकाच दिशेनं बसते. या मशीनला बोटानं चावी देताच येत नाही. माणूस हलला पाहिजे. दिवस-तारखेच्या चकत्या मात्र तात्यांच्याच ठेवल्या, कारण डायव्हरची चावी चारच्या बाजूला असते आणि त्या चकत्यांची छपाई त्याप्रमाणे सरकवलेली असते. ड्रायव्हरच्या घड्याळाची चावी तीनवर होती. हे मला शीटमध्ये लिहिता आलं नसतं. चाचांनी चिमट्यानं चकती उचलली, बघितली, आणि बाजूला ठेवली.

डायलवर पाण्याचे डाग होते, आठच्या खुणेजवळ. मी पिशवीतून नवीकोरी डायल काढली. मागवून ठेवली होती हो, खोटं कशाला बोलू. चाचांनी ती बघितली आणि म्हणाले, "तात्यांना इचार." मी फोन लावला. तात्यांचा एकच प्रश्न: "रिंग फिरतीय काय?" डायलचं काय करू म्हटलं, तर म्हणाले, "काटा दिसतोय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की."

रिंगेचा प्रश्न शेवटी आला. मी मान खाली घालून भाजीच्या सुरीची गोष्ट सांगितली. चाचा हसले नाहीत, हे विशेष. त्यांनी अजून एक डबी काढली. तळाशी पाच-सहा छर्रे, वेगवेगळ्या मापाचे. पहिला भोकात बुडाला. दुसरा वर राहिला, रिंग बसेना. तिसरा ठेवला, वर रिंग ठेवून अंगठ्यानं दाबली आणि फिरवली.

टक. टक. टक.

त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. बाकी कामाचे जे घेतले, ते पुण्यात दोन माणसांच्या एका जेवणाइतके. मी जास्त द्यायला लागलो तर रागावले.

निघताना चाचांचा मुलगा सहज म्हणाला, की दिवाळीपर्यंत हे बाक काढायचं ठरलंय. चाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दिवसाला एक सेल बदलला तर बदलला. डब्यांसाठी कोल्हापूरचा एक भंगारवाला किलोचा भाव देत होता. मुलाला मी दोष देत नाही. त्याला त्या डब्या म्हणजे शंभर काळ्या डब्याच. मला तरी काय वेगळं दिसत होतं? आमच्या कंपनीत एखादा जुना माणूस सोडून गेला, की कळतं सगळी सिस्टीम त्याच्या डोक्यात होती आणि कागदावर काहीच नव्हतं. मग आम्ही नोटीस पिरियडमध्ये त्याच्यासमोर बसून लिहून घेतो. त्याला नॉलेज ट्रान्सफर असं भारी नाव आहे. इथेही तेच होतं, फक्त नोटीस पिरियड कुणी दिला नव्हता.

मी सुटे भाग शोधत दोन शहरं फिरलो होतो. भाग माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होते. मला शोधायचा होता तो भाग नव्हेच, तो ओळखणारा माणूस. तो गेला की भाग असून नसल्यासारखे. त्यांचं वजन किलोमध्येच होणार.

"चाचा, मी या डब्यांवर नावं लिहिली तर चालेल?" मी विचारलं.

"लिव की. फुडच्या शनवारी ये."

एकूण पाच शनिवार लागले. मी डबी उघडायची, फोटो काढायचा, ते सांगणार, मी चिठ्ठी चिकटवणार. माझ्या शीटमध्ये तीन रकाने होते: कंपनी, मशीनचा नंबर, काय चांगलं आहे. पण चाचा तसे सांगायचेच नाहीत. ते म्हणायचे, "ही मौनी विद्यापीठातल्या एका सरांची, एचएमटी. ही मडिलग्याच्या बाईंची, बारकी, नवऱ्यानं आणलेली. ही कूरच्या पैलवानाची, कुस्तीत फुटली." दुसऱ्या शनिवारी मी चौथा रकाना वाढवला: कुणाचं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ च्या जानेवारीत घेतला. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी एचएमटींचे सुटे भाग अजून त्या डब्यांत आहेत, मालकांच्या नावासकट. एकूण १३७ डब्या भरल्या. छर्ऱ्यांच्या डबीचा चौथा रकाना तेवढा रिकामा राहिला. ते कुठून आले, हे चाचांनाही आठवेना.

डबे भंगारात गेले नाहीत. मुलानंच शीट बघून सांगितलं, राहू देत. आता त्यानं स्वतः दोन एचएमटींना त्यातले काटे बसवलेत, चाचा शेजारी बसून सांगताहेत आणि हा चिमटा धरतोय. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. मोबाईल कव्हरांत पैसा जास्त आहे, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

घड्याळ तात्यांना दिलं तेव्हा ते परड्यात बसले होते. चाचांनी निरोप दिला होता, वॉशर नवे आहेत पण पाण्यात घालू नका, चावीच्या नळीचे आटे झिजलेत. तात्यांनी ऐकल्यासारखं केलं. रिंग एकदा पूर्ण फिरवली, डोळे मिटून. साठ वेळा टक टक. मग मी त्यांना कडगावच्या ड्रायव्हरचं सांगितलं. तात्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. ते त्याला ओळखत होते. सुट्टीवर आले की त्याच्याच गाडीनं कोल्हापूरहून यायचे.

थोडा वेळ काही बोलले नाहीत.

आता घड्याळ चालतंय. दिवसाला वीसेक सेकंद मागे पडतं. मागच्या महिन्यात मी फोनवर विचारलं, चाचांकडे नेऊन वेळ नीट करून आणू का? तर म्हणाले, "नको. त्यो गाडी कधी टायमात सोडायचाच न्हाई. आता माझी मोटर तरी कशी टायमात सोडंल?"